होमोजेंटिसेट डायऑक्सिजनेज

फिनिलॲलॅनीन व टायरोसीन ह्या ॲमिनो अम्लांच्या चयापचयातील एक लोहयुक्त एंझाइम. मानवात ते मुख्यतः यकृत व मूत्रपिंड ह्यांमध्ये आढळते. त्याचा रेणू सहा समान उपघटकांचा असून प्रत्येक उपघटकात ४४५ ॲमिनो अम्ले असतात.

वरील दोन अम्लांच्या विघटनात होमोजेंटिसिक अम्ल तयार होते. त्यातील बेंझीन वलय स्थिर असल्याने सहजासहजी फुटत नाही. एंझाइमाच्या क्रियाशील स्थानी दोन हिस्टिडिने व एक ग्लुटामेट ह्यांनी धरून ठेवलेला फेरस आयन असतो. तो ऑक्सिजनाच्या रेणूस क्रियाशील करतो. वलय उघडते व ऑक्सिजनाचे दोन्ही अणू उत्पादितात समाविष्ट होऊन मॅलेइलॲसिटोॲसिटेट बनते. पुढील विक्रियांत त्यापासून फ्यूमारेट व ॲसिटोॲसिटेट मिळतात आणि त्यांचा ऊर्जेसाठी उपयोग होतो. लोह फेरिक अवस्थेत गेल्यास एंझाइम निष्क्रिय होते.

एंझाइमाच्या उणिवेमुळे अल्काप्टोन्यूरिया हा विकार होतो. होमोजेंटिसिक अम्ल मूत्रावाटे बाहेर पडते आणि असे मूत्र हवेत राहिल्यास काळे पडते. तान्ह्या मुलाच्या लंगोटावरील काळे डाग हे बहुधा पहिले लक्षण असते. शरीरात उरलेल्या अम्लापासून बनणारे रंगद्रव्य कूर्चांत साचते. त्यामुळे प्रौढ वयात कान व डोळ्यांचा पांढरा भाग काळसर होतो, तर पाठीचा कणा, गुडघे व खुबे ह्यांचे सांधे झिजून वेदना होतात.

आर्चिबॉल्ड गॅरड ह्या इंग्रज वैद्यांनी १९०२ मध्ये हा विकार मेंडेलप्रणीत अप्रभावी आनुवंशिकतेचे उदाहरण असल्याचे दाखविले. अनेक रुग्णांचे आईवडील परस्परांची सख्खी चुलत, मामे, आते वा मावस भावंडे होती, ह्याकडे त्यांनी लक्ष वेधले. चयापचयातील जन्मजात दोषांची संकल्पना ह्याच अभ्यासातून पुढे आली. रुग्णाच्या यकृतात हे एंझाइम कार्य करीत नसल्याचे १९५८ मध्ये प्रत्यक्ष सिद्ध झाले. संबंधित जीन तिसऱ्या गुणसूत्रावर असून तो १९९६ मध्ये अलग करण्यात आला.

निटिसिनोन हे औषध विघटनमार्गातील आधीचे, तेही लोहयुक्तच, एंझाइम रोधून होमोजेंटिसिक अम्लाची निर्मिती घटविते. प्रौढ रुग्णांसाठी त्यास यूरोपीय संघात २०२० मध्ये मान्यता मिळाली. मात्र त्याने रक्तातील टायरोसीन वाढून डोळ्याच्या स्वच्छमंडलास इजा होऊ शकते. म्हणून आहारातील प्रथिने मर्यादित ठेवावी लागतात.