‘चालकविरहित’ गाडीचा चालक

घरी कोंकणी, शाळेत मराठी आणि कचेरीत कन्नड वापरणाऱ्या आम्हां जोयडा तालुकावासीयांस एका वस्तूची अनेक नावे असणे नवे नाही. परंतु नाव हे पुष्कळदा वस्तूविषयीचे मतही ठरवून टाकते. मोटार प्रथम आली तेव्हा इंग्रज तिला ‘बिनघोड्यांची गाडी’ म्हणत. १८५३ साली बोरीबंदराहून ठाण्यास गेलेली गाडी आपल्याकडे ‘आगगाडी’ झाली; पुढे गाड्या विजेवर धावू लागल्या, तरी नावातली आग काही विझली नाही!

वर्तमानपत्रांतील ‘चालकविरहित मोटार’ हा शब्द मात्र इतका निरुपद्रवी नाही. १८ मार्च २०१८ च्या रात्री अमेरिकेतील टेंपी शहरात उबर कंपनीच्या चाचणीवरील अशा गाडीची धडक बसून सायकल हाती धरून रस्ता ओलांडणारी एक स्त्री मरण पावली. ‘चालकविरहित गाडीने बळी घेतला’ अशा आशयाचे मथळे झळकले. गाडी रिकामीच होती, अशी कोणाही वाचकाची समजूत व्हावी. वस्तुतः चालकाच्या आसनावर देखरेखीसाठी नेमलेली व्यक्ती बसली होती. तिचे लक्ष रस्त्यावर नव्हते. २०२३ साली तिने न्यायालयात अपराध कबूल केला. मथळ्याने जो चालक नाहीसा केला होता, तोच न्यायालयात दोषी ठरला.

चौकशीत कंपनीच्या ढिल्या सुरक्षाव्यवस्थेवरही ठपका आला. शिवाय असे आढळले की, यंत्राला ती स्त्री धडकेपूर्वी पाच सेकंदांहून अधिक वेळ दिसत होती. परंतु ते तिला कधी वाहन, कधी सायकल, तर कधी ‘इतर काही’ ठरवीत राहिले आणि प्रत्येक नव्या नावासरशी तिच्या आधीच्या हालचालींचा हिशेब पुसला गेला. नावांचा घोळ यंत्रासही चुकला नाही.

वाहन-अभियंत्यांनी २०१४ साली स्वयंचलनाच्या शून्य ते पाच अशा सहा पायऱ्या ठरविल्या. दुसऱ्या पायरीवर गाडी वेग व दिशा सांभाळते, पण लक्ष माणसानेच ठेवावयाचे असते. बातमीत या सर्वांस बहुधा एकच शब्द!

आपल्या देशात हाच शब्द पोटापाण्याचा प्रश्न होऊन येतो. चालकांचा रोजगार जाईल म्हणून अशा गाड्या येऊ देणार नाही, असे केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी २०१७ साली व पुन्हा २०२३ साली नागपुरात सांगितले. ज्या घरची चूल बस-ट्रकच्या कमाईवर पेटते, तेथे ही बातमी धास्तीनेच वाचली जाणार. पण अणशी घाटात, पावसाळी धुक्यात, वळणावर गवा उभा असता कोणत्या पायरीची गाडी काय करील? मुलांनो, अशी बातमी हाती आली की गाडी कोणत्या पायरीची आणि आसनावर कोण, हे शोधा. ते बहुधा मथळ्यात नसते, शेवटच्या ओळींत असते.