नेलगनमध्ये कोणता खिळा भरायचा?

वाळूज एमआयडीसीत पॅलेट आणि लाकडी खोकी ठोकणारे मित्र मला विचारतात, "गंजणार नाही असा खिळा कोणता घेऊ?" मी उलट विचारतो, "माल जाणार कुठे?"

आपल्या संभाजीनगरची हवा बरेच महिने कोरडी. साधा खिळाही टिकतो आणि आपण फसतो. तेच खोकं न्हावा शेवाहून जहाजात चढलं की खारट, दमट हवा लागते. खिळा गंजला की पकड जाते, फळी सुटते, आतला माल उघडा पडतो.

म्हणून लक्षात ठेवा. कोरड्या गोदामात इलेक्ट्रो-गॅल्व्हनाइज्ड चालतो, पण त्याचा जस्ताचा थर पातळ असतो. पाऊस किंवा जहाजाचा प्रवास असेल तर हॉट-डिप घ्या. तो वितळलेल्या जस्तात बुडवलेला, थर जाड. जस्त आधी स्वतः झिजतं, लोखंडाला वाचवतं. समुद्राकाठी कायमचं काम असेल तर 316 स्टेनलेस. महाग आहे, पण मीठ सोसतो.

आणि हो, घेण्याआधी गनवरचा कोन बघा. 21 अंशांची पट्टी 34 अंशांच्या गनमध्ये बसत नाही. खिळा अडकला तर आधी हवेचा पाइप काढा, मगच हात घाला. चष्मा लावाच!