वाक्याअखेरचे ‘नाही’ ऐकू यावे म्हणून...

मराठी वाक्याचा अर्थ पुष्कळदा शेवटच्या शब्दात ठरतो. ‘हा निर्णय शेतकऱ्यांच्या हिताचा’ एवढे कानावर पडले, तरी पुढे ‘आहे’ येणार की ‘नाही’, यावर सारे अवलंबून असते. नेमका हाच शब्द उच्चारताना वक्त्याचा स्वर उतरतो, नजर टिपणाच्या कागदाकडे वळते आणि तोंड माईकसमोरून हलते. पुढच्या रांगांतील मंडळी चेहऱ्यावरून अंदाज बांधतात. मागच्या रांगेतील ज्येष्ठ श्रोता मात्र शेजाऱ्याला विचारतो, ‘काय म्हणाले?’

नाशिककरांना हा अनुभव नवा नाही. गोदाकाठच्या यशवंतराव महाराज पटांगणावर मे महिन्यात भरणाऱ्या वसंत व्याख्यानमालेला शंभर वर्षांची परंपरा आहे. उघड्यावरच्या सभेत भिंतींवरून आदळून येणारा घुमारा त्रास देत नाही, हे खरे. पण आवाज सांभाळून ठेवायला छतही नसते. त्यात नदीवरचा वारा, देवळातील घंटा आणि रस्त्यावरच्या वाहनांचे हॉर्न. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात १८७५ मध्ये व्याख्यानमाला सुरू झाली, तेव्हा ध्वनिवर्धक अस्तित्वातच नव्हता. आवाज फेकणे हा वक्तृत्वाचाच भाग होता. आज तो भार माईकवर टाकलेला आहे. परंतु माईकला काय जमते आणि काय जमत नाही, याचा विचार क्वचितच होतो.

सगळ्यात मोठा प्रश्न अंतराचा असतो. तोंड आणि माईक यांत एक वीत अंतर असेल आणि ते दोन विती झाले, तर माईकपर्यंत थेट पोहोचणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो. चार विती झाले, तर १२ डेसिबलने. भोवतालचा गोंगाट मात्र तेवढाच राहतो. मग मिक्सरवर बसलेला माणूस बटण वर सरकवतो. त्यासरशी वक्त्याबरोबर वारा, कागदांची सळसळ आणि पोडियमवर ठेवलेल्या पेल्याचा खणखणाटही वाढतो. ‘आवाज वाढवा’ ही मागणी बरीचशी ‘माईक जवळ घ्या’ अशी हवी. अर्थात ओठ अगदी टेकवणेही चुकीचे. तसे केल्यास आवाज जड, गुबगुबीत होतो आणि ‘प’, ‘फ’, ‘भ’ या वर्णांबरोबर निघणारी हवा माईकवर धडकते. माईक एक वीतभर दूर, तोंडाच्या किंचित बाजूला आणि रोख ओठांकडे ठेवला, की हवेचा झोत शेजारून निघून जातो. वर स्पंजाचे टोपणही हवेच. मिक्सरवर सुमारे १०० हर्ट्झच्या खालचे स्वर कापले, तर वाऱ्याची घरघर आणि पोडियमवर आपटलेल्या हाताचा धडधडाट बराच कमी होतो; बोलण्याच्या स्पष्टतेत फारसा फरक पडत नाही. शब्दांची ओळख पटवणारी ‘स’, ‘श’, ‘त’, ‘ट’ यांसारखी व्यंजने वरच्या पट्टीत असतात आणि मुळातच क्षीण असतात. वय वाढल्यावर ऐकण्याची शक्ती कमी होते, ती आधी याच पट्टीत.

सभेत अचानक उठणाऱ्या कर्कश शिट्टीचे मूळही अंतरातच आहे. स्पीकरमधून निघालेला आवाज पुन्हा माईकमध्ये शिरतो, वाढतो, पुन्हा बाहेर पडतो आणि हे चक्र थांबत नाही. म्हणून स्पीकर वक्त्याच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून असावेत. बहुतेक पोडियम माईक समोरचे जास्त आणि पाठीमागचे कमी ऐकतात. काही मात्र थेट मागूनही थोडे ऐकतात. वक्त्यासाठी ठेवलेल्या छोट्या स्पीकरची जागा त्यानुसार ठरते. चालू माईकची संख्या दुप्पट झाली, की शिट्टीपासूनची सुरक्षितता साधारण ३ डेसिबलने घटते. तेव्हा सूत्रसंचालकाचा माईक भाषण चालू असताना बंद हवा. पोडियमवर शोभेसाठी दोन माईक लावण्याची हौसही महागात पडते. वक्ता डावी-उजवीकडे वळला, की दोहोंत आवाज थोड्या आगेमागे पोहोचतो, काही स्वर एकमेकांना खोडतात आणि बोलणे पोकळ ऐकू येते. दुसरा माईक राखीव म्हणून असावा, पण बंद. शांतता होताच माईक आपोआप मिटवणारी यंत्रणा काही मिक्सरमध्ये असते. ती जास्त कडक लावली, तर पहिला बळी वाक्याअखेरच्या त्या हळू ‘नाही’चाच जातो.

लांबलचक पटांगणात मागे वेगळे स्पीकर लावतात. आवाजाला ३५ मीटर जायला सेकंदाचा जवळजवळ दहावा भाग लागतो, वीज मात्र तत्क्षणी पोहोचते. त्यामुळे मागचा स्पीकर आधी बोलतो, मंचाकडचा आवाज नंतर येतो आणि प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. मागच्या स्पीकरला तेवढाच विलंब दिला, की हा घोळ मिटतो. डिजिटल मिक्सरमध्ये ही सोय सहसा असतेच.

चाचणीची तऱ्हा तर सर्वांना पाठ आहे: माईकवर दोन टिचक्या, एक फुंकर आणि ‘हॅलो, वन टू थ्री’. टिचकी आणि फुंकर माईकला अपायकारक ठरू शकतात. शिवाय मंडपवाल्याचा खणखणीत ‘हॅलो’ सत्तरीतील वक्त्याच्या आवाजाबद्दल काहीच सांगत नाही. त्यापेक्षा एकाने पोडियमवर उभे राहून कागद पाहत, हळू आवाजात दोन-चार वाक्ये वाचावीत आणि दुसऱ्याने शेवटच्या खुर्चीवर बसून ती ऐकावीत. हे काम श्रोते येण्यापूर्वी झालेले बरे. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनुसार एरवी रात्री १० वाजता उघड्यावरचा ध्वनिवर्धक बंद करावा लागतो आणि माईकची जुळवाजुळव करण्यात गेलेली मिनिटे वक्त्याच्याच वेळातून वजा होतात.