फाल्गुनातले बेळगाव : करमणूक आणि मायबोली

माघ सरत आला, सुगी उरकली आणि आंब्याला मोहोर धरला, की बेळगाव शहरात व भोवतालच्या खेड्यांत कार्यक्रमांची एकच रेलचेल उडते. शिवरात्र, भाषा दिन, होळी, कुस्त्यांची मैदाने, पारायणे, गावोगावच्या यात्रा! वर्षभर राबणाऱ्या माणसाला चार घटका विरंगुळा हवाच. पण सीमाभागात या विरंगुळ्याचे मोल निराळे आहे. शाळेबाहेर मराठी शिकवणारे खरे वर्ग हेच, असे आम्हाला वाटते.

शिवरात्रीला दक्षिण काशी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कपिलेश्वराच्या दर्शनासाठी शहरात रांगा लागतात. खेड्यांतली मंडळी देवरवाडीच्या वैजनाथालाही जातात. 1956 साली राज्य पुनर्रचना झाली तेव्हा बेळगाव जिल्ह्यातला चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यात राहिला आणि वैजनाथ पलीकडे गेला. भाविकांची वाट मात्र बदलली नाही. धुळवडीला पांगुळ गल्लीत रंगांनी माखलेल्या रस्त्यावर भाविक लोटांगण घालतात. तो सोहळा पाहायला सारे शहर लोटते.

27 फेब्रुवारी हा कुसुमाग्रजांचा जन्मदिवस. शाळांतून, वाचनालयांतून वक्तृत्व, निबंध, हस्ताक्षर अशा स्पर्धा होतात. 3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिल्यापासून भाषणांना जोर चढला आहे. आनंदच आहे! पण दिल्लीत मान मिळालेल्या भाषेला गल्लीत वाचक मिळाला पाहिजे.

संमेलनांचा वारसा

1946 साली ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली बेळगावला साहित्य संमेलन भरले आणि संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीने जोर धरला. 2000 साली य. दि. फडके यांच्या अध्यक्षतेखाली पुन्हा येथेच संमेलन झाले. मोठी संमेलने अशी क्वचित येतात. कडोली, उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमनी अशा गावांनी मात्र आपापली संमेलने लोकवर्गणीतून चालवली. सकाळी ग्रंथदिंडी, मग अध्यक्षांचे भाषण, दुपारी सर्वांना जेवण, नंतर कथाकथन, कविसंमेलन. शेतकरी श्रोता दिवसभर मांडी घालून बसतो, हे दृश्य मोठ्या शहरांतही दुर्मीळ झाले आहे.

पारायणाच्या रांगेत कोण?

या सर्वांत व्यापक कार्यक्रम ज्ञानेश्वरी पारायणाचा. पहाटे काकड आरती, सकाळी वाचन, सायंकाळी प्रवचन, रात्री कीर्तन आणि जागर. शेवटी दिंडी, काला, महाप्रसाद. शके 1212 मध्ये, म्हणजे इ. स. 1290 साली सिद्ध झालेला हा सुमारे नऊ हजार ओव्यांचा ग्रंथ गावातला साधा माणूस मांडीवर घेऊन बसतो आणि व्यासपीठ चालकाच्या सुरात सूर मिसळून वाचतो. प्रौढांच्या मराठी वाचनाची एवढी मोठी शाळा कोणत्या सरकारने चालवली आहे?

पण या रांगांकडे जरा निरखून पाहावे. पुढे पिकल्या केसांचे वाचक, मागे प्रौढ महिला. तरुण मुले आहेत, पण ती मंडप घालण्यात, पंगत वाढण्यात. कामाला ती कधीच मागे नसतात. ग्रंथ हाती दिला की मात्र संकोचतात. इंग्रजी शाळेतल्या मुलाला हिंदीमुळे देवनागरी ओळखता येते. पण ‘ळ’ हे अक्षर त्याला हिंदीच्या पुस्तकात भेटलेलेच नसते. ओवी दूरच राहिली, घरी आलेली लग्नपत्रिकाही तो अडखळत वाचतो.

प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय व्हावी, असे राज्यघटनेचे कलम 350 अ सांगते. त्यासाठी आपण भांडतो आणि भांडलेच पाहिजे. परंतु मिळालेल्या शाळेत मुले घालणे हे आपल्याच हाती आहे. फाल्गुनात घरोघरी पुढच्या वर्षाच्या शाळाप्रवेशाच्या गोष्टी सुरू होतात. त्याच वेळी गावच्या मंडळांनी एवढे करावे: पारायणात एक रांग मुलांसाठी राखावी, रोज पाच ओव्या त्यांच्याकडून म्हणवून घ्याव्यात, यात्रेच्या नाटकात शाळकरी मुलांना कामे द्यावीत आणि बक्षीस म्हणून ढाल-कपाऐवजी मराठी पुस्तक द्यावे.

खर्च फारसा नाही. वर्गणीच्या पावतीपुस्तकात तेवढी जागा निघेल. मंडप दरवर्षी उभा राहतोच. त्यात वाचणारी मुलेही दिसू देत!