टोपीकरांचे मकबरे

सुरतेची लूट मराठी माणसाला शाळेपासून पाठ असते. तिथल्या इंग्रज वखारीचा प्रमुख मात्र एखाद्या वाक्यात येऊन जातो. जानेवारी १६६४ मध्ये शहराचा मुघल अंमलदार इनायतखान किल्ल्यात दडून बसला, तेव्हा जॉर्ज ऑक्झेंडन वखार धरून राहिला. वखार वाचली, ईस्ट इंडिया कंपनीने त्याला सुवर्णपदक दिले. पुढे १६६८ मध्ये मुंबई बेट कंपनीकडे आले, तेव्हा त्याचा कारभारही याच्याच हाती गेला. वर्षभरात, जुलै १६६९ मध्ये तो सुरतेत वारला. रायगडावर राज्याभिषेकाला हजर असलेला हेन्री ऑक्झेंडन याच घराण्यातला.

कतारगाम दरवाज्याजवळच्या इंग्रज कबरस्तानात जॉर्जची कबर आहे. ती ख्रिस्ती माणसाची, हे लांबून पाहणाऱ्याला सांगूनही पटायचे नाही. कमानी, खांब, दोन मजले आणि वर घुमट! धाकटा भाऊ क्रिस्टोफर १६५९ मध्ये गेला, तेव्हा जॉर्जने त्याच्यासाठी कबर बांधली होती. पुढे दोघेही एकाच वास्तूत विसावले. हौसेपेक्षा हिशेबच यात जास्त दिसतो. मुघलांच्या बंदरात साधी शिळा कोणाच्या नजरेत भरणार? अमीर-उमरावांसारखा मकबरा उठला, की मेलेल्याचा मान वाढे आणि जिवंत कंपनीची पतही.

वलंदेज, म्हणजे डच, या चढाओढीत मागे राहणारे नव्हते. त्यांच्या कबरस्तानातली सर्वांत भव्य वास्तू हेन्द्रिक फान रेडे याची. तीही दुमजली, अष्टकोनी, घुमटाची. डच कंपनीच्या कारभारातली लाचलुचपत खणून काढायला निघालेला हा अधिकारी डिसेंबर १६९१ मध्ये सुरतेच्या वाटेवर, जहाजावरच वारला. वास्तू मोठी, पण माणसाचे खरे काम कागदावरचे. मलबारच्या वनस्पतींवरचा त्याचा ‘होर्तुस मलाबारिकुस’ हा ग्रंथ बारा खंडांचा. शेवटचा खंड निघाला १६९३ मध्ये, त्याच्या पश्चात. इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्याबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तिघा कोकणी पंडितांनी त्याला माहिती पुरवली. त्यांचे कोकणीतले, नागरी लिपीतले प्रमाणपत्र १६७८ च्या पहिल्या खंडात ॲमस्टरडॅमला छापले गेले. महाराष्ट्रात नागरी छपाई रुजायला त्यानंतर शतकाहून अधिक काळ जावा लागला.

म्हणून कतारगामला गेलो, की लुटीच्या ओढीने ऑक्झेंडनकडे वळणारी पावले मी आधी वलंदेजांकडे नेतो.