मासा काठाजवळ का येतो? कृष्णेत गळ टाकण्याआधी समजून घ्या उथळ पाण्याचं गणित

पाऊस ओसरला आणि नदीचं गढूळ पाणी निवळायला लागलं की वाईपासून म्हैसाळपर्यंत कृष्णेच्या काठावर गळ टाकून बसलेली माणसं दिसू लागतात. कुणाकडे बांबूची काठी आणि तंगूस, तर कुणाकडे ऑनलाइन मागवलेला रॉड-रील. नवखा माणूस बहुतेक वेळा एकच चूक करतो. मोठा मासा खोल पाण्यात असणार असं समजून तो जितका लांब जाईल तितका लांब गळ फेकतो. जुनेजाणते मात्र काठापासून चार-पाच हातांवर, गवताच्या कडेला गळ सोडून शांत बसतात.

असं का? कारण नदी असो वा धरण, सगळ्यात जास्त खाणं काठालगतच्या उथळ पट्ट्यात असतं.

उथळ पाण्यात असतं तरी काय?

सूर्यप्रकाश तळापर्यंत पोहोचतो तो इथेच. त्यामुळे इथे शेवाळ आणि पाणवनस्पती वाढतात. त्यांच्या आधारानं किडे, गोगलगायी, झिंगे आणि लहान मासे राहतात. त्यांना खायला मोठे मासे येतात. धोम, कण्हेर, उरमोडी अशा धरणांत तर पावसाळ्यात पाणी वाढलं की उन्हाळ्यात उघडी पडलेली जमीन बुडते. तिथलं गवत, गांडुळं, किडे हे सगळं माशांना आयतं मिळतं.

पण मासा दिवसभर इथे थांबत नाही. दुपारी उथळ पाणी लवकर तापतं आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. २० अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना तो साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास येतो. शिवाय लख्ख उजेडात बगळे आणि खंड्या यांच्या नजरेला पडायची भीती असते. म्हणून सकाळी लवकर आणि ऊन उतरताना मासा काठाला येतो. दुपारी बराच वेळ बसूनही गळाला काही लागत नाही, त्यामागे बहुतेकदा हेच कारण असतं.

आपल्याकडचा ‘बास’ कोणता?

यूट्यूबवर काठावरून मासे पकडण्याचे व्हिडिओ शोधले तर अर्धेअधिक अमेरिकेतल्या बास माशाचे निघतात. गवताच्या आडोशाला दबा धरायचा आणि समोरून काही हललं की झडप घालायची, अशी त्याची पद्धत. हा मासा मूळचा उत्तर अमेरिकेतला. इंग्रजीत ज्याला आशियाई सी-बास म्हणतात तो जिताडा कोकणातल्या खाड्यांमध्ये सापडतो. सातारा-सांगलीच्या गोड्या पाण्यात दबा धरून शिकार करण्याचं हे काम मरळ करतो.

मरळाचं वैशिष्ट्य म्हणजे तो हवेतूनही श्वास घेतो. त्याच्या डोक्यात कल्ल्यांच्या वरच्या बाजूला त्यासाठी खास अवयव असतो. थोड्या थोड्या वेळानं तो पाण्यावर तोंड काढतो, हवा घेतो आणि पुन्हा खाली जातो. म्हणूनच बाकीच्या माशांचा जीव गुदमरेल अशा डबक्यात, गाळात, दाट पानवेलीतही तो टिकतो. पाण्यावर अचानक उठलेलं वलय आणि ‘डुब्’ असा आवाज ही मरळाची खूण. पूर्वी त्याच्यासाठी गळाला बेडूक लावत, आता रबरी बेडूक बाजारात मिळतो.

उथळ पाण्यात सहज सापडणारा दुसरा मासा म्हणजे चिलापी. हा मूळचा आफ्रिकेतला. काठाजवळ चिखलात ताटलीएवढे गोल खड्डे दिसले तर ती चिलापीच्या नरानं केलेली घरटी समजावीत. त्याच्यासाठी गांडूळ किंवा कणकेचा गोळा पुरतो. रोहू, कटला, मृगळ हे मूळचे उत्तरेकडच्या नद्यांमधले मासे. धरणांत त्यांची बोटुकली सोडली जाते, कारण साठलेल्या पाण्यात त्यांची वीण सहसा होत नाही.

मग पावसाळ्यात मासे धरू नयेत का?

जूनमध्ये पहिल्या मोठ्या पावसानं ओढे वाहायला लागले की नदीतले मासे उलट्या दिशेनं वर चढतात. हेच चढणीचे मासे. ओढ्याच्या वीतभर पाण्यात ते हातानंही सापडतात, म्हणून गावागावांत ते धरायला गर्दी होते. पण ते वर येतात अंडी घालायलाच. पोटात अंडी असलेली एक मादी धरली की तिच्या हजारो, मोठ्या माशाच्या बाबतीत लाखो अंड्यांची वीण तिथेच थांबते. मग हिवाळ्यात ‘आता पूर्वीसारखे मासे राहिले नाहीत’ अशी तक्रार होते.

मरळाच्या बाबतीत हे आणखी नाजूक आहे. मरळाची जोडी उथळ गवतात घरटं करते आणि पिल्लांची काही आठवडे राखण करते. लालसर पिल्लांचा पुंजका पाण्यावर हलताना दिसला की खाली आई-बाप असतातच. त्या पुंजक्यात गळ टाकला तर मरळ भुकेनं नाही, तर पिल्लांना वाचवायला झडप घालतो आणि अडकतो. राखण गेली की इतर मासे आणि पक्षी पिल्लं फस्त करतात. पिल्लांचा पुंजका दिसला की तिथून गळ काढून घ्यावा, हा साधा नियम पाळला तरी पुढच्या वर्षीचे मरळ वाचतात.

मासे स्वतःहून वर आले तर?

सांगली परिसरात कृष्णेत हजारो मासे मरून काठाला लागल्याच्या घटना गेल्या काही वर्षांत वारंवार घडल्या आहेत. कारखान्यांचं सांडपाणी, मळी किंवा गावांचं मैलापाणी नदीत मिसळलं की ते कुजवताना जिवाणू पाण्यातला प्राणवायू वापरून टाकतात. मग मासे धापा टाकत वर येतात आणि उथळ पाण्यात तरंगू लागतात. ते सहज हाती लागतात म्हणून लोक पिशव्या भरतात. पण पाण्यात नेमकं काय मिसळलंय हे माहीत नसताना असे मासे खाणं धोक्याचं आहे.

याच काठावर मगरही असते

मासे उथळ पाण्यात येतात, म्हणून मगरही तिथेच येते. पलूस तालुक्यातल्या भिलवडी, औदुंबर, आमणापूर या पट्ट्यासह सांगली परिसरातल्या कृष्णेत मगरींचा वावर आहे आणि माणसांवर हल्लेही झाले आहेत. थंडीत त्या ऊन खायला काठावर येतात. उन्हाळ्यात मादी काठाच्या मातीत खड्डा करून अंडी घालते आणि त्यांची राखण करते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं मगरीला सर्वोच्च संरक्षण दिलेलं आहे. त्यामुळे सावध राहायचं ते माणसानंच.

• पाण्याच्या कडेवर बसू नये, चार-पाच पावलं मागे आणि उंचावर बसावं.
• गळ अडकला तर सोडवायला पाण्यात उतरू नये, तंगूस तोडावा. हाती आलेला तुकडा मात्र घरी न्यावा, त्यात पक्षी आणि कासवं अडकतात.
• धरलेले मासे पिशवीत घालून पाण्यात लटकवू नयेत आणि तिथेच साफही करू नयेत. त्या वासानं मगर येऊ शकते.
• अंधार पडायच्या आत काठ सोडावा.
• मगर दिसली तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावं.

कराडच्या वरच्या बाजूला धोका असतो पाण्याचा. कोयनेच्या पायथा वीजगृहाचं एक युनिट सुरू झालं तरी नदीत १,०५० क्युसेक पाणी येतं. नदीमधल्या खडकावर बसलेल्या माणसाला परतीची वाट उरत नाही. विसर्गाची सूचना असेल त्या दिवशी नदीपात्रात जाऊ नये.

परवानगीचं काय?

अनेक धरणांतल्या मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. बोटुकली त्यांनी पैसे देऊन सोडलेली असते, म्हणून आधी त्यांना विचारावं. कोयना अभयारण्याच्या हद्दीत परवानगीशिवाय मासे धरता येत नाहीत. पाण्यात सुरुंग लावून किंवा विष कालवून मासे मारण्यावर तर १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यापासून बंदी आहे. उथळ पाण्यात असा एक प्रकार झाला तरी मोठ्या माशांसोबत अंडी, पिल्लं आणि त्यांचं खाणं एकदमच संपतं. गळानं एका वेळी एकच मासा निघतो आणि तो लहान असेल किंवा अंड्यावर असेल तर परत सोडताही येतो.