शब्द पुरविणारा सेवक

आमची सूनबाई संगणकासाठीं प्रोग्राम लिहिते. गेल्या महिन्यांत एके रात्रीं तिच्या खोलींतला दिवा दोन वाजले तरी मालवला नव्हता. सकाळीं कचेरीच्या पगाराचा हिशेब निघावयाचा होता, आणि तिचा प्रोग्राम अडून बसला होता. दुसऱ्या दिवशीं मीं कारण विचारलें, तेव्हां ती म्हणाली, "मामंजी, चुकीचा शब्द मीं लिहिलाच नव्हता. एडिटरनें पुढें केला आणि मीं घेतला!"

येथें एडिटर म्हणजे मासिकाचा संपादक नव्हे. प्रोग्राम ज्यांत लिहावयाचा त्या साधनाचें हें नांव. दोन अक्षरें लिहितांच तें पुढील शब्दांची यादी समोर मांडतें.

सूनबाईची भाषा पायथन. नोकरांची यादी क्रमानें लावून तिला नव्या नांवाखालीं ठेवावयाची होती. यादीच्या नांवापुढें टिंब देतांच 'सॉर्ट' हा शब्द आला. परंतु हा शब्द मूळ यादीच फिरवितो, हातीं कांहींच देत नाहीं. नव्या नांवाखालीं निव्वळ अभाव उरला. हवा होता 'सॉर्टेड', जो नवी यादी देतो. पण तो टिंबापुढें येणारा नव्हे, म्हणून दिसलाच नाहीं. शिवाय दोष उघडकीस आला तो पुष्कळ ओळी पुढें. सेवक खोटें बोलला नव्हता. विचारलें तेवढेंच त्यानें सांगितलें.

कधीं तो मौनही धरतो. पायथनमध्यें वस्तूची जात सांगण्याची सक्ती नाहीं. मग ती अक्षरें कीं यादी, हें त्यानें कसें ओळखावें? २०१५ सालच्या ३.५ या आवृत्तीपासून जात लिहून ठेवण्याची प्रमाण रीत ठरली आहे. तेवढे कष्ट घेतले कीं त्याची वाचा फुटते.

२०२१ सालीं आलेल्या गिटहब कोपायलटसारखे नवे सेवक मात्र वाक्येंच्या वाक्यें पुरवितात. नैयायिक वाक्यार्थाला आकांक्षा, योग्यता आणि सन्निधि मागतात. 'अग्नीनें शिंपतो' यांत आकांक्षा आहे, योग्यता नाहीं. या सेवकांचें नेमकें हेंच होतें. अस्तित्वांतच नसलेल्या क्रियेचें नांवही ते बेधडक देतात. त्याच वर्षीं न्यूयॉर्क विद्यापीठांतील संशोधकांनीं सुरक्षिततेला नाजूक असे ८९ प्रसंग कोपायलटला घातले. निघालेल्या १,६८९ प्रोग्रामांपैकीं सुमारें ४० टक्के सदोष ठरले.

सूनबाईनें एन्टर दाबून शब्द घेण्याची सोय आतां बंद केली आहे. टॅब दाबल्यावांचून शब्द उतरत नाहीं. दिवा अकराला मालवतो. निदान बहुतेक रात्रीं.